नानांच्या हातचं पाणी

माणसाची उंची त्याच्या तत्त्वांवरून मोजावी, असं थोर लोक सांगत आले आहेत. विष्णू केकाणची तत्त्वं मला पाठ होती, त्यामुळे त्याची उंची मी बरीच वर्षं जास्त धरून चाललो होतो. मग एका समारंभात तो हातात नरसाळं धरून उभा असलेला मी पाहिला आणि मोजमाप दुरुस्त करून घेतलं.

शिरूर कासारच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. केकाण संगणकशास्त्र शिकवायचा. लग्नपत्रिकांमध्ये त्याचं नाव 'प्राध्यापक' म्हणून छापलं जाई, आणि कॉलेजच्या कागदांत 'तासिका तत्त्वावर' म्हणून. म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर नाही. आपल्याकडे चार आश्रम सांगितले आहेत, त्यात तासिका तत्त्वावरचा माणूस बसत नाही. तो ब्रह्मचर्य आणि गृहस्थाश्रम यांच्या मधे कुठेतरी उभा असतो आणि सगळे त्याला विचारत असतात, "झालात का कायम?"

केकाणचे सासरे तर नमस्कार न करता थेट हेच विचारत. त्यांनी मुलगी दिली होती ती 'पुढच्या वर्षी कायम होणार' या बोलीवर. ते पुढचं वर्ष काही येईना. दरम्यान केकाणची मुलगी शाळेत जाऊ लागली आणि तिलाही तो प्रश्न विचारता येऊ लागला.

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. पोरं नाहीत म्हणून तास नाही, आणि तास नाही म्हणून पगार नाही. आयुष्यात कोयता हातात न धरता केकाणचा हंगाम उसावर चालायचा. याबद्दल तो कधी करुण बोलला नाही. करुण बोलण्याइतका तो नम्र नव्हता. त्याला स्वतःविषयी फार बरं मत होतं आणि ते तो लपवत नसे. दुसऱ्यांविषयीचं मतही लपवत नसे. तिथं त्याचं गणित चुकायचं.

उंच, किडकिडीत, उन्हाळ्यात गळ्यात ओला पंचा. बाकीच्या प्राध्यापकांच्या खिशाला पेन असतं, याच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. मला तो कधी 'सर' म्हणाला नाही, 'ग्रंथालय' म्हणायचा. आत आला की माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावायचा, आई लेकराच्या कपाळाला लावते तशी.

"काय ग्रंथालय, आज ताप लई हाय ह्याला."

"मलाही आहे."

"तुमचं झाकण उघडत न्हाई. ह्याचं बघतो."

झाकण हा त्याचा ध्यास होता. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती कुठून उघडते ते बघे. भिंतीवरचं घड्याळ, परीक्षेची घंटा, शिपायाचा ट्रान्झिस्टर, सगळं त्यानं उघडून पाहिलेलं होतं. यातलं बरंचसं पुन्हा बंद झालं नाही, हेही सांगायला हवं. "ज्याचं झाकण आपल्याला उघडत न्हाई ते आपलं न्हाई," तो म्हणायचा. "ते दुकानदाराचं. आपण नुसतं सांभाळायचं."

स्टाफरूममध्ये नानांनी भेट दिलेला पाण्याचा फिल्टर होता. नाना म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तालुक्यात त्यांच्याशिवाय पान हलत नाही असं त्यांचे लोक म्हणतात. मुळात तालुक्यात झाडंच कमी आहेत, हे ते लोक सांगत नाहीत. फिल्टरवर कंपनीच्या नावापेक्षा नानांचं नाव मोठं होतं. एका दुपारी केकाणनं त्याचं झाकण उघडलं. आत वरच्या टाकीतून एक नळी निघून थेट तोटीला जोडलेली होती. मधे काही नव्हतं. दुसऱ्या कुणी झाकण लावून टाकलं असतं आणि उद्यापासून घरून बाटली आणली असती. केकाण संध्याकाळच्या मीटिंगमध्ये 'आयत्या वेळचे विषय' आल्यावर उभा राहिला.

"सर, नानांच्या फिल्टरमधी फिल्टर न्हाई."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हंजे डबा हाय, दिवा हाय, नाव हाय. फिल्टर न्हाई."

"पाणी येतं ना?"

"येतंय की. गारबी येतंय."

"मग झालं," प्राचार्य म्हणाले, आणि आयत्या वेळचे विषय संपले.

नानांच्या कानावर हे गेलंच. ते चिडले नाहीत. नाना कधी चिडत नाहीत, ते काम त्यांनी इतरांना नेमून दिलेलं आहे. ते हसून म्हणाले, "पोरगं हुशार हाय." नानांनी ज्याला हुशार म्हटलं तो आमच्या संस्थेत कायम झाल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

पुढे एका उन्हाळ्यात नाना पुण्याला कुणा पाहुण्यांच्या कॉलेजात जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी आमच्याकडे 'कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र' काढायचं जाहीर केलं. कॉलेज तपासायला समिती यायची होती, तिला दाखवायला काहीतरी हवं होतं. पाहुण्यांकडे नानांनी काचेच्या पेटीतला एक कॉम्प्युटर पाहिला होता. आत पारदर्शक नळ्या, नळ्यांतून रंगीत पाणी, वर दिवे. "आत पाणी खेळतंय बघा," ते हाताने दाखवत म्हणाले. "आपल्याला तसलं पाहिजे."

आमच्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि टँकर आला की बादल्यांवरून पिढ्यानपिढ्यांची नाती तुटतात. अशा गावात कॉम्प्युटरला पाणी पाजायचं ठरलं.

गंमत बाजूला ठेवली तर यंत्र थंड ठेवायची गरज खरी होती. आमची लॅब पत्र्याखाली आहे. एप्रिलमध्ये दुपारी तिथले कॉम्प्युटर आपोआप बंद पडत आणि पोरं टाळ्या वाजवत. नानांनी केकाणला बोलावून घेतलं. पाण्यानं थंड करायचे दोन-तीन प्रकार असतात म्हणे, त्यातला कुठला घ्यायचा ते तुम्ही सांगा. आणि दारापर्यंत सोडायला येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे एवढं नीट करा सर. केंद्राला पूर्णवेळ जागा आणतो. मग तुमीच की."

तिथून तो थेट ग्रंथालयात आला. बसला नाही.

"दोन रस्ते हायेत, ग्रंथालय. एक ऑल-इन-वन. पंप, नळ्या, पाणी, पुढची जाळी, समदं कंपनीतूनच बंद होऊन येतंय. चार स्क्रू पिळले की झालं. पाच-सहा वर्षं बघायचं न्हाई. मग पंप मेला की अख्खं उचलून फेकायचं, कारण ते उघडत न्हाई."

"आणि दुसरा?"

"कस्टम. टाकी वेगळी, पंप वेगळा. नळ्या आपण कापायच्या, आपण वाकवायच्या, जोड आपण आवळायचे. पाणी आपण भरायचं. वर्षातून एकदा समदं खोलून धुवायचं. बिघडलं तर जे बिघडलं तेवढंच बदलायचं."

"आपल्याला कुठला बरा?"

"गावाला? गावाला ऑल-इन-वन. तेबी कशाला, मोठा पंखा बसवला तरी भागतंय. बाहेर जेवढं ऊन तेवढं गरम तर ते ऱ्हाणारच. आत पाणी फिरवलं म्हणून काय महाबळेश्वर होत न्हाई."

"मग तसं सांगा नानांना."

तो खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऑल-इन-वन बसवला आन् उद्या माजे तास बंद केले, तर कॉलेजला कळंल का?"

त्यानं खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून बोटांत फिरवला.

"न्हाई कळणार. डबा चालूच ऱ्हाईल. कस्टमला माणूस लागतो. कायम लागतो."

त्यानं कस्टमची शिफारस केली. ती यंत्रापेक्षा स्वतःच्या नेमणुकीची शिफारस होती, पण तांत्रिक भाषेत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. नानांना काचेतून पाणी दिसणार होतं, त्यांना तेवढं पुरेसं होतं.

सुट्टीत पुण्याहून खोकी आली आणि केकाणनं ते यंत्र उभं केलं. तो मला मनापासून आनंदी दिसला तो तेवढाच काळ. नळ्या गरम हवेनं मऊ करून तो अशा वाकवायचा, की बांगड्या भरणाऱ्या कासारणीनं बघत राहावं. प्रत्येक जोडाखाली त्यानं पातळ कागदाचे कपटे ठेवले, नुसता पंप चालवला आणि रात्रभर एकही कपटा ओला झाला नाही म्हणून सकाळी मला घरी येऊन उठवलं. चाचणीसाठी त्यानं बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाण्याचे कॅन आणले होते, बॅटरीत घालतात ते.

"ह्या पाण्यात काय न्हाई," त्यानं मला कॅन दाखवला. "क्षार न्हाई, माती न्हाई, कायबी न्हाई. म्हणून चालतंय. आपलं बोरचं पाणी घातलं तर महिन्याभरात आत शेवाळ आन् पांढरा थर. चिपवर बसतो त्या ह्या तांब्याच्या ठोकळ्यात केसाएवढ्या फटी असत्यात, त्या बुजल्या की मशीन बंद."

हे तो येईल त्याला सांगायचा. ऐकणारा उठून जाऊ लागला तर त्याचा हात धरून सांगायचा. त्यामुळे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणाला म्हणता येणार नाही.

आमच्याकडे पाझर तलाव भरला, बंधारा भरला, की पुढाऱ्यानं जाऊन पाण्याची ओटी भरायची आणि नारळ सोडायचा रिवाज आहे. त्याला जलपूजन म्हणतात. नाना यातले तज्ज्ञ. दुसऱ्यांनी बांधलेल्या तलावांचीही जलपूजनं त्यांनी केलेली आहेत. कॉम्प्युटर तयार झाला, त्यात पाणी भरायचं आहे, असं प्राचार्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा नानांनी पहिला प्रश्न विचारला, "जलपूजन कधी ठेवायचं?"

केकाणला हा विनोद वाटला. दोन दिवसांनी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला, 'कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राचे भव्य जलपूजन', आणि त्यावर कॉम्प्युटरपेक्षा नानांचा फोटो मोठा होता. प्राचार्यांच्या हुकमानं केकाणनं चाचणीचं पाणी काढून टाकलं आणि यंत्र कोरडं ठेवलं. नानांच्या कलशात आपलंच पाणी भरून ठेवू, असा त्याचा हिशोब होता. बेत वाईट नव्हता. फक्त नाना स्वतःचा कलश घेऊन आले.

कलशात नानांच्या बंधाऱ्याचं पाणी आहे, असं निवेदकानं माइकवरून सांगितलं. मे महिन्यात त्या बंधाऱ्यात क्रिकेट चालतं. आमचे शिपाई शब्बीरमामू केकाणच्या कानाशी लागून म्हणाले, "टँकर से भर के लाए सर, मेरे सामने." कलशात आंब्याची पानं होती, हळद-कुंकू होतं आणि मूठभर अक्षता.

मी दुसऱ्या रांगेत होतो. माझ्या मागे केकाणचे सासरे फेटा बांधून बसले होते. पूर्णवेळ जागेची घोषणा त्याच दिवशी व्हायची होती, म्हणून केकाणनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. यंत्राला झेंडूचा हार घातलेला होता. टाकीचं बूच काढून, त्यात नरसाळं लावून केकाण उभा होता. भटजींनी मंत्र सुरू केले, नानांनी कलश उचलला. तेव्हा केकाणनं खिशातून रुमाल काढला आणि तो गाळणीसारखा नरसाळ्यावर अंथरला.

"सर, रुमाल येतोय फोटोत," फोटोग्राफर म्हणाला.

"केकाण, ते फडकं काढा," प्राचार्य म्हणाले.

"सर, नुसतं गाळून घेतलं तर..."

नानांनी कलश तसाच धरून, अगदी मायेनं विचारलं, "का हो सर, माझ्या पाण्यात काय घाण हाय का?"

मंत्र थांबले. मीटिंगमध्ये 'फिल्टर न्हाई' म्हणणारा माणूस तिथं उभा होता आणि ते वाक्य ऐकलेले निम्मे लोक समोर बसले होते. काहींना भीती होती की हा आता बोलणार. काहींना आशा होती. माझ्या मागे सासऱ्यांच्या खुर्चीचा आवाज झाला.

केकाणनं रुमाल उचलला. त्याची नीट चार पदरी घडी केली आणि खिशात ठेवली.

"न्हाई नाना. टाका," तो म्हणाला, आणि नानांना सोयीचं व्हावं म्हणून नरसाळं थोडं त्यांच्या बाजूला कलतं केलं.

पाणी आत गेलं. कुंकवाची एक रेघ नळीतून फिरत गेली आणि सगळं पाणी गुलाबी झालं. अक्षता एकेक करून घसरल्या. टाळ्या पडल्या. नानांनी माइकवरून पूर्णवेळ जागा जाहीर केली आणि सासऱ्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे टिपले.

संध्याकाळी स्टँडसमोर चहा घेताना केकाण आपणहून म्हणाला, "असं बघू नका ग्रंथालय. उघडतंय ते. म्हणून तर कस्टम घेतलंय. उद्या समदं खोलतो, धुतो, माजं पाणी भरतो. कुणाला काय कळतंय? पाणी दिसल्याशी मतलब."

तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं बरोबर होतं. बंद डब्यात गेलेली घाण कायमची, खुल्या यंत्रातली काढता येते. नमतं घेताना माणसाला नेहमीच असा एखादा तांत्रिक मुद्दा सापडतो आणि तो बहुधा बरोबर असतो.

दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप होतं आणि किल्ली प्राचार्यांकडे. पुढचा संवाद मी ऐकला, कारण मी पुस्तकखरेदीच्या सहीसाठी तिथंच ताटकळत होतो.

"सर, किल्ली द्या. पाणी बदलायचंय."

"कुठलं पाणी?"

"मशीनमधलं."

"नानांच्या हातचं पाणी बदलायचं म्हणता?"

"सर, त्यात तांदूळ गेलेत."

"अक्षता, केकाण. तांदूळ नाही." प्राचार्यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. "समिती येऊन जाऊ द्या. तोवर कुणी हात लावायचा नाही. चांगलं आहे ना? मग खोलता कशाला?"

आपल्याला उघडता यावं म्हणून निवडलेली वस्तू आता खोलीसकट बंद झाली होती. केकाण रोज केंद्राच्या काचेच्या खिडकीला नाक लावून आत बघायचा. यंत्र नेमकं त्या खिडकीतल्या उन्हात मांडलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. मग माझ्याकडे येऊन दवाखान्यात असलेल्या नातेवाइकाची खबर द्यावी तशी खबर द्यायचा. गुलाबी रंग गेला, पिवळट आलाय. पिवळट गेला. एके दिवशी नुसतंच म्हणाला, "धरलं शेवाळ."

"लेखी द्या प्राचार्यांना."

"काय लिहू? नानांच्या पाण्याला शेवाळ आलंय?"

समिती आली त्या दिवशी त्याला तासभर आधी आत सोडलं, ते फक्त यंत्र चालू करण्यासाठी. चालू केल्यावर पंप दात खाल्ल्यासारखा वाजला. समितीत तिघं होते, तिघांच्या गळ्यात हार. समितीचे अध्यक्ष काचेपाशी वाकले. नळ्यांतून गर्द हिरवं पाणी कसंबसं सरकत होतं.

"हे हिरवं काय आहे?"

केकाणचं तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधी प्राचार्य म्हणाले, "ग्रीन टेक्नॉलॉजी, सर."

अध्यक्षांनी मान डोलावली, दुसऱ्या सदस्यानं टिपून घेतलं. तेवढ्यात पडदा काळा झाला, दिवे गेले आणि यंत्र बंद पडलं.

"काम नसलं की आपोआप बंद होतो," प्राचार्य म्हणाले. "ऊर्जा बचत."

तेही टिपून घेतलं गेलं. केकाण भिंतीला टेकून उभा होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नसावं, तो ते सारखे पंच्याला पुसत होता. कॉलेजची श्रेणी वाढली. तिच्या फ्लेक्सवर हिरव्या नळ्यांचा फोटो होता.

पूर्णवेळ जागा खरंच आली. नाना शब्दाचे पक्के आहेत. जागा आणतो म्हणाले होते, आणली. मुलाखतीला बाहेरून एक तज्ज्ञ बोलावले होते. आत काय झालं ते केकाणनंच मला सांगितलं, आणि सांगताना तज्ज्ञांचा घोगरा आवाजही काढून दाखवला. तज्ज्ञांनी विचारलं, "दुष्काळी तालुक्यात तुम्ही पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर बसवलात. ही उधळपट्टी वाटत नाही का?"

"साहेब, त्यात तांब्याभर पाणी जातं," केकाण म्हणाला, "आन् तेच फिरत ऱ्हातं. आमच्या माणसांसारखं. जातंय, तापतंय, परत येतंय. वाया कायबी जात न्हाई."

तज्ज्ञांनी समोरचा कागद उलटला. नाना मात्र दिलखुलास हसले आणि शेजारच्याला म्हणाले, "हुशार हाय." हे सांगून झाल्यावर केकाण माझ्याकडे बघत राहिला. नानांच्या त्या शब्दाचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता.

नेमणूक झाली ती नानांच्या मेहुण्याच्या जावयाची. नानांनी केकाणची समजूतही घातली. "तुमचे तास चालूच ऱ्हातील की सर. तास कुणी काढून घेतलेत का?"

जावई माणूस वाईट नव्हता. गोरा, हळू बोलणारा, सगळ्यांना 'प्लीज' म्हणणारा. त्यानं पहिल्याच आठवड्यात ती हिरवी पेटी बघितली आणि म्हणाला, "सर, हे कोण मेंटेन करत बसणार? ऑल-इन-वन बसवून टाकू, प्लीज." त्याचं बरोबर होतं. हेच केकाणनं खिडकीपाशी उभं राहून मला सांगितलं होतं. जुनं काढायचं आणि नवं बसवायचं काम केकाणला मिळालं. प्रात्यक्षिकाचा तास म्हणून ते धरण्यात आलं. चार स्क्रू होते, त्याला फार वेळ लागला नाही.

तो ग्रंथालयात आला आणि माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रावर त्यानं काहीतरी ठेवलं. तांदळाचा दाणा होता. तांब्यात राहून मोरचुदासारखा निळा पडलेला.

"पंपात होता का?"

"पंपात कुटके होते. हा टाकीच्या खालच्या जोडात, तांब्याच्या कडीत अडकलेला. शाबूत."

"मग आता?"

"आता काय. अक्षता हाय. कुणाच्या तरी डोक्यावर टाका."

त्या दिवशी त्यानं माझ्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग नेहमीसारखे रिकामे झाले आणि तोही आला नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. तो गेला की नुसता येईनासा झालेला असतो. केकाणचे सासरे एकदा बाजारात भेटले. त्यांनी जावयाचा विषय काढला नाही, पावसाविषयी बोलले.

माघात मी आष्टीकडे एका वास्तुशांतीला गेलो होतो. परतताना रस्त्यालगतच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची जीप तिथं अडकली. काट्याच्या पत्र्याच्या खोलीत, खिडकीशी, केकाण बसलेला दिसला. समोर कॉम्प्युटर. त्याच्या एका बाजूचा पत्रा काढून ठेवलेला होता आणि उघड्या पोटावर टेबलफॅनचा वारा सोडलेला. मी आत गेलो.

"या ग्रंथालय," तो म्हणाला. खुर्ची एकच होती, ती त्यानं मला दिली. "थांबा जरा, गाडी घेतो."

काट्यावर एक टायरगाडी चढली. बैलांची वेसण धरून एक बाई पुढे चालत होती. खिडकीपाशी आल्यावर तिनं डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि ती तशीच थांबली.

"केकाण सर?"

दोन वर्षांपूर्वी ती आमच्या कॉलेजात होती. ग्रंथालयात पंख्याखालच्या बाकावर बसायची, मला चेहरा आठवत होता. केकाणला नावही आठवत होतं.

"कल्पना. बरी हायस का?"

"बरी हाय सर." तिनं वेसण हातात धरूनच खिडकीकडे वाकून नमस्कार केला. मागच्या गाड्यांवरची माणसं बघत होती. क्षणभर सगळी रांग कशी आदरानं थांबल्यासारखी वाटली. "सर, तुमी आता हितंच का? कायम?"

केकाणनं पडद्याकडे पाहिलं.

"आधी काट्यावरून खाली उतर," तो म्हणाला. "तुझं वजन उसात धरतंय."

ती उतरली. पडद्यावरचा आकडा चाळीस किलोनं कमी झाला.